कार्यवाचक हक्ककलमे आणि पेटंट-परीक्षक : अमेरिकेतील एका वादाचा इतिहास

१

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध, अशी नोंद असली म्हणजे विकत घेणाऱ्यास, शेजाऱ्यास आणि पुढे वाद उद्भवल्यास न्यायाधीशास जमीन कोठे संपते हे कळते. आता अशी कल्पना करावी की, एखाद्याने खतात चतुःसीमा न लिहिता ‘माझ्या विहिरीचे पाणी जेथवर नेता येईल तेथवरची जमीन माझी’ एवढेच लिहिले. आज त्याच्या मोटेचे पाणी चार बिघ्यांपर्यंत पोचते. उद्या दुसऱ्या कोणी स्वतःच्या बुद्धीने नवी युक्ती काढून तेच पाणी वरच्या माळावर चढविले, तर तो माळही पहिल्याच्याच मालकीचा ठरावा काय?

पेटंटाच्या कायद्यात हाच प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांनी पुढे येत राहिला आहे. पेटंटाच्या दस्तऐवजाचे स्थूलमानाने दोन भाग असतात. पहिल्या भागात संशोधक आपल्या शोधाचे सविस्तर विवरण देतो. त्या विषयातील जाणत्या माणसास ते वाचून ती वस्तू करता यावी, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या भागात तो आपल्या मक्तेदारीची हद्द क्रमांकवार कलमांनी आखतो. या कलमांना प्रस्तुत लेखात ‘हक्ककलमे’ म्हटले आहे. हक्ककलमात वस्तूची रचना सांगण्याऐवजी ती वस्तू काय करते एवढेच सांगितले, म्हणजे ‘स्क्रू’ किंवा ‘खिळा’ असे न म्हणता ‘दोन फळ्या जोडण्याचे साधन’ असे म्हटले, तर त्या भाषेस आपण ‘कार्यवाचक भाषा’ म्हणू.

अशा भाषेचे परीक्षण पेटंट-परीक्षकाने कसे करावे, याविषयी अमेरिकेत जो वाद झाला त्याचा इतिहास बहुधा न्यायालय व विधिमंडळ यांच्यातील रस्सीखेच म्हणून सांगितला जातो. एकाने दार बंद केले, दुसऱ्याने उघडले, पहिल्याने पुन्हा अर्धे लोटले, असे त्याचे स्वरूप दाखविले जाते. ही हकीकत खोटी नाही; परंतु तीत एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. कार्यवाचक भाषा चांगली की वाईट, हा या वादातील खरा प्रश्न कधीच नव्हता. संशोधकाने जितके शिकविले तितकेच कुंपण तो घालतो आहे की नाही, ही तुलना कोणी, केव्हा आणि दस्तऐवजाची कोणती पाने उघडून करावयाची, हा खरा प्रश्न होता. ही तुलना न्यायाधीशाच्या आसनापासून परीक्षकाच्या टेबलापर्यंत कशी आली, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

अमेरिकेत पेटंट देण्यापूर्वी अर्जाची परीक्षा करण्याची पद्धत १८३६ च्या कायद्याने स्थिर झाली. त्या कायद्याने परीक्षणासाठी आरंभी एकाच कारकुनाची तरतूद केली होती. त्याच कायद्याने अर्जदारावर असेही बंधन घातले की, आपल्या शोधातील कोणता भाग, कोणती सुधारणा अथवा कोणता संयोग आपण स्वतःचा म्हणून मागतो, हे त्याने नेमके निर्देशित करावे. हद्द आखण्याचे काम अशा रीतीने अर्जदाराच्या लेखणीकडे आले, आणि लेखणी हाती येताच हद्द रुंद करण्याचा मोहही आला.

या मोहाचे एक जुने उदाहरण बर्फाच्या व्यापारातील आहे. मॅसॅच्युसेट्समधील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून तो जहाजांनी दूरदेशी पाठविण्याचा धंदा फ्रेडरिक ट्यूडर याने उभारला होता; १८३३ मध्ये हा बर्फ कलकत्त्यास आणि त्यानंतर मुंबई व मद्रास येथेही येऊ लागला. हा धंदा ज्या यंत्रांमुळे किफायतशीर झाला, ती घोड्याने ओढावयाची बर्फ कापण्याची यंत्रे नॅथानिएल वायेथ याने तयार केली होती. त्याने १८२९ मध्ये पेटंट घेतले. परंतु त्यात आपल्या यंत्राबरोबरच, मानवी शक्तीखेरीज अन्य कोणत्याही शक्तीने चालणाऱ्या उपकरणाने एकसारख्या आकाराचा बर्फ कापण्याची कलाच त्याने आपली म्हणून सांगितली. १८४० मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी ही व्यापक मागणी अमान्य केली. विशिष्ट यंत्र त्याचे असू शकते. मनुष्यबळावाचून बर्फ कापणे ही मात्र एका माणसाची मालमत्ता होऊ शकत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

यापुढील खटला सॅम्युअल मोर्स याच्या तारायंत्राचा. मोर्सला १८४० मध्ये पेटंट मिळाले होते. १८४८ मध्ये पुन्हा काढून घेतलेल्या पेटंटातील आठव्या कलमात त्याने असे म्हटले की, विवरणात सांगितलेल्या यंत्रसामग्रीपुरते आपण स्वतःस मर्यादित करू इच्छीत नाही. विद्युच्चुंबकीय शक्ती कोणत्याही प्रकारे उपयोगात आणून कितीही अंतरावर वाचता येतील अशी अक्षरे वा खुणा उमटविणे हेच आपल्या शोधाचे सार होय. सर्वोच्च न्यायालयाने १८५४ च्या जानेवारीत दिलेल्या निकालात मोर्सची अन्य कलमे उचलून धरली आणि हे आठवे कलम रद्द केले. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. उद्या एखादा संशोधक मोर्सच्या विवरणातील एकही भाग न वापरता, अधिक साध्या व स्वस्त रीतीने, विजेच्या साहाय्याने दूरवर लिहिण्याची युक्ती काढील. हे कलम मान्य केल्यास त्यालाही मोर्सची परवानगी मागावी लागेल. आणि मोर्सने तर ती युक्ती कोणाला शिकविलेलीच नाही. विहिरीच्या पाण्याचा आणि वरच्या माळाचा प्रश्न तो हाच.

मात्र या निकालाचा अर्थ ‘कार्याचा उल्लेख झाला की कलम बुडाले’ असा करणे चूक ठरेल. १८८८ मध्ये टेलिफोनच्या खटल्यांत याच न्यायालयाने अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचे पाचवे कलम चार विरुद्ध तीन मतांनी ग्राह्य मानले. ते कलमही व्यापक होते. परंतु बेलने ‘विजेने आवाज पोचविणे’ एवढेच मागितले नव्हते. आवाजाबरोबर हवेत उठणाऱ्या कंपनांशी आकाराने जुळणारी विद्युत्-आंदोलने उत्पन्न करून आवाज पोचविण्याची विशिष्ट रीत त्याने मागितली होती, आणि ती रीत विवरणात शिकविली होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे ध्यानात येते की, न्यायालयाची मोजपट्टी एकच होती. मोर्सचे कुंपण त्याच्या शिकवणीबाहेर गेले होते. बेलचे कुंपण, निदान बहुमताच्या दृष्टीने, शिकवणीच्या आत होते.

३

विसाव्या शतकात हा प्रश्न यंत्रांपुरता राहिला नाही. तो रसायने व धातू यांच्या क्षेत्रांतही शिरला. पर्किन्स नावाच्या कंपनीकडे लाकडाचे पातळ थर चिकटविण्यासाठी स्टार्चपासून केलेल्या सरसाचे पेटंट होते. पूर्वी या कामी जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस वापरीत असत. स्टार्चचा सरस त्याच्या तोडीचा करून दाखविणे हे निःसंशय उपयुक्त काम होते. परंतु पेटंटातील काही कलमे घटक व कृती सांगून थांबली नाहीत. जनावरी सरसाचे गुण ज्यात आहेत असा स्टार्चचा कोणताही सरस त्यांनी कवेत घेतला. १९२८ मध्ये न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी ही कलमे अग्राह्य ठरविली. जनावरी सरसाइतका चांगला असणे हे त्या पदार्थाचे वर्णन नव्हे, ती त्याच्याकडून केलेली अपेक्षा होय. एका स्टार्चपासून असा सरस करणाऱ्याने अशा प्रत्येक सरसावर हक्क सांगितला, तर इतर स्टार्च घेऊन प्रयोग करणाऱ्यांचे दार कायमचे बंद होते.

दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, विजेच्या दिव्यांतील टंगस्टनच्या तंतूचा खटला आला. दिवा तापला की तंतू लोंबू लागतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. अलादार पाक्झ याने मोठ्या कणांचा तंतू तयार करून हा दोष दूर केला होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे असलेल्या या पेटंटात कणांच्या आकाराचे वर्णन मात्र असे होते की, दिव्याच्या नेहमीच्या आयुष्यात तंतू फारसा लोंबणार नाही, इतक्या आकाराचे व अशा घडणीचे कण. म्हणजे कण केवढे, तर तंतू लोंबू नये एवढे. आणि तंतू का लोंबत नाही, तर कण तेवढे म्हणून! न्यायमूर्ती स्टॅन्ली रीड यांनी दोष नेमका दाखविला. ज्या ठिकाणी शोधाचे नावीन्य आहे, नेमक्या त्याच ठिकाणी अर्जदाराने रचना सांगण्याचे टाळून परिणाम सांगितला होता.

या परंपरेतील सर्वांत गाजलेला निकाल १९४६ च्या नोव्हेंबरात लागला. तेलाच्या विहिरीत द्रवाची पातळी किती खोल आहे हे मोजण्यासाठी विहिरीच्या तोंडाशी दाबाची लहर उत्पन्न करून तिचा प्रतिध्वनी नोंदविण्याची रीत आधीच माहीत होती. अडचण अशी होती की, विहिरीतील वायूत ध्वनीचा वेग किती हे निश्चित सांगता येत नसे. क्रॅनफर्ड वॉकर याने विहिरीतील नळाच्या सांध्यांचा उपयोग केला. नळाच्या तुकड्यांची लांबी ठाऊक असते. तेव्हा सांध्यांवरून येणारे क्षीण प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू आले तर ते मोजून खोली काढता येते. त्यासाठी त्याने योग्य लांबीची अनुनाद-नळी जोडली. हॅलिबर्टन कंपनीने हेच काम नळीऐवजी विद्युत्-गाळणीने केले. वॉकरच्या कलमात नळीचा उल्लेख नव्हता; सांध्यांचे प्रतिध्वनी इतरांपासून वेगळे काढण्याचे ‘साधन’ एवढाच होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पेटंट ग्राह्य धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालपत्राने ते रद्द केले. संयोगातील सर्वांत महत्त्वाचा घटक केवळ तो काय करतो या शब्दांनी सांगितल्यास हद्द अनिश्चित राहते, आणि त्या अनिश्चिततेच्या धाकाने इतर संशोधक त्या वाटेस जात नाहीत, असे त्यांनी म्हटले.

४

या निकालाने वकीलवर्गात व पेटंट-कार्यालयात मोठी खळबळ उडाली. कारण ‘अमुक करण्याचे साधन’ ही शब्दयोजना यांत्रिक पेटंटांत सर्रास रूढ होती. त्याचे उत्तर १९५२ च्या पेटंट कायद्यात आले. त्या कायद्याच्या ११२ व्या कलमातील तिसऱ्या परिच्छेदाने दोन गोष्टी एका वाक्यात सांगितल्या. पहिली अशी की, संयोगाच्या हक्ककलमातील घटक हा रचना न सांगता, विशिष्ट कार्य करण्याचे साधन अथवा टप्पा म्हणून सांगता येईल. दुसरी अशी की, अशा कलमाचा अर्थ विवरणात वर्णिलेली तत्संबंधी रचना आणि तिच्या समतुल्य रचना यांपुरता लावला जाईल. पुढे या परिच्छेदाचा क्रमांक बदलला, मजकूर बहुतांशी तोच राहिला.

विधिमंडळाने केलेली ही तडजोड विचार करण्याजोगी आहे. खतात ‘पाणी जेथवर जाईल तेथवर’ असे लिहिण्यास तिने मुभा दिली. परंतु वाचणाऱ्यास अशी आज्ञा केली की, ते शब्द वाचताना सोबतचा नकाशा उघडावा आणि त्यात दाखविलेल्या पाटापुरताच त्यांचा अर्थ घ्यावा. हद्द कलमात उरली नाही, ती विवरणात गेली.

येथे एक प्रश्न अनुत्तरित राहिला. ‘वाचणारा’ म्हणजे कोण? उल्लंघनाचा खटला चालविणारा न्यायाधीश, की अर्ज तपासणारा परीक्षकही? या कायद्याच्या मसुद्याशी निकट संबंध असलेल्या दोन व्यक्तींची नावे येथे घेतली पाहिजेत. पी. जे. फेडेरिको हे पेटंट-कार्यालयातील ज्येष्ठ परीक्षक-अधिकारी होते, तर जाइल्स रिच हे न्यूयॉर्कचे पेटंट-वकील होते. फेडेरिको यांनी १९५४ मध्ये नव्या कायद्यावर जे भाष्य प्रसिद्ध केले, त्यात असे मत मांडले की, अर्थ मर्यादित करणारी ही दुसरी आज्ञा मुख्यतः उल्लंघन ठरविण्यापुरती आहे. पूर्वज्ञात गोष्टींच्या तुलनेत हक्ककलम पेटंटयोग्य आहे किंवा नाही हे ठरविताना तिचा फारसा संबंध येत नाही.

पेटंट-कार्यालय याच मताने चालले. परिणाम असा झाला की, एकाच कलमाचे दोन ठिकाणी दोन अर्थ होऊ लागले. न्यायालयात ‘उचलण्याचे साधन’ म्हणजे विवरणातील विशिष्ट तरफ व तिच्या समतुल्य रचना. परीक्षकाच्या टेबलावर मात्र ‘उचलण्याचे साधन’ म्हणजे उचलण्याचे कोणतेही साधन. तेव्हा पूर्वीच्या एखाद्या पेटंटात कप्पीने जरी ओझे उचललेले आढळले, तरी कलम नाकारता येई. ही स्थिती १९९४ पर्यंत टिकली. कायद्यातील एका वाक्याचा पूर्वार्ध कार्यालय पाळीत होते आणि उत्तरार्ध न्यायालयासाठी राखून ठेवीत होते.

कार्यालयाच्या बाजूने एक सबळ कारण होते, ते डावलून चालणार नाही. अर्ज प्रलंबित असेतोवर अर्जदारास आपली भाषा सुधारता येते. म्हणून परीक्षकाने शब्दांचा वाजवी मर्यादेतील व्यापकतम अर्थ घ्यावा आणि त्या अर्थाने कलम टिकत नसेल तर अर्जदारास ते आवळण्यास सांगावे, असा एकंदर परीक्षणाचाच नियम आहे. संदिग्धता पेटंट मिळण्यापूर्वीच गाळली जावी, हा त्यामागील लोकहिताचा विचार आहे. शिवाय परीक्षकाजवळ वेळ बेताचा असतो. प्रत्येक ‘साधना’साठी विवरणातील रचना शोधणे आणि तिच्या समतुल्य रचना कोणत्या याचा निर्णय करणे, हे काम त्याच्यावर लादणे म्हणजे न्यायाधीशाचे काम कारकुनावर सोपविणे होय, असे पुष्कळांस वाटे.

परंतु या कारणात एक त्रुटी होती. व्यापकतम अर्थ घ्यावयाचा, तो ‘वाजवी’ मर्यादेत. कायद्यानेच जो अर्थ बांधून दिला त्यापलीकडील अर्थ वाजवी कसा? विधिमंडळाने जी लेखनपद्धती स्पष्ट शब्दांत मान्य केली, तीच वापरल्याबद्दल अर्जदार नाकारला जात होता, आणि तोही आपण न मागितलेल्या हद्दीबद्दल.

५

हा वाद मिटविणारा खटला दिसण्यात अगदी साधा होता. डोनाल्डसन कंपनीकडे कारखान्यातील धूळ गोळा करणाऱ्या यंत्राचे पेटंट होते. त्यात गाळण्यांवर बसलेली धूळ हवेच्या झोताने झाडली जाई व खालच्या निमुळत्या भांड्यात पडे. परंतु ती भांड्याच्या उतरत्या भिंतीस चिकटून राही. संशोधकाने ती भिंत पडद्यासारखी लवचिक केली. झोताबरोबर दाब वाढला की भिंत बाहेर फुगे व पुन्हा आत येई, आणि त्या हालचालीने धूळ सुटून तळाशी जाई. हक्ककलमात लवचिक भिंतीचा उल्लेख नव्हता. दाबवाढीस प्रतिसाद देऊन धूळ खाली सरकविण्याचे साधन, एवढेच शब्द होते. फेरपरीक्षेत कार्यालयाने जुन्या एका धूळसंग्राहकाच्या आधारे हे कलम नाकारले. त्या जुन्या यंत्रात लवचिक भिंत नव्हती. पण कार्यालयाच्या वाचनाप्रमाणे ती असण्याची आवश्यकताही नव्हती.

फेडरल सर्किट अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९४ च्या फेब्रुवारीत हा निर्णय फिरविला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते जाइल्स रिच, तेच चाळीस वर्षांपूर्वीचे वकील. १९५६ मध्ये ते सीमाशुल्क व पेटंट अपील न्यायालयावर नेमले गेले होते आणि या निकालाच्या वेळी त्यांचे वय ८९ वर्षांचे होते. त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या शब्दांवर उभा होता. कायदा म्हणतो, ‘अर्थ लावला जाईल’. तो कार्यालयात की न्यायालयात, असा भेद कायद्यात कोठेही नाही. दीर्घकाळ चालत आलेली प्रथा कायद्याच्या स्पष्ट आज्ञेस बाधक होऊ शकत नाही. यास्तव परीक्षकानेही विवरण उघडून तत्संबंधी रचना पाहिली पाहिजे.

या निकालाकडे अर्जदारांचा विजय म्हणून पाहण्याची रीत आहे. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. जुन्या रीतीत परीक्षकास ‘साधन’ या शब्दासाठी विवरण चाळण्याचे कारणच पडत नसे. कलम व पूर्वज्ञात पेटंट यांची तुलना केली की त्याचे काम संपे. नव्या रीतीत त्याला प्रथम हे विचारावे लागते की, हे कार्य करणारी रचना अर्जदाराने कोठे सांगितली आहे? ती सापडली नाही, तर कलमाची हद्दच ठरत नाही आणि ते अनिश्चिततेच्या कारणाने नाकारावे लागते. म्हणजे ‘किती शिकविले आणि किती मागितले’ ही तुलना, जी मोर्सच्या वेळी पेटंट मिळाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन झाली, ती आता अर्जाच्या पहिल्या वाचनातच करणे भाग पडले. अर्जदाराच्या सोयीसाठी मागितलेल्या नियमाने अर्जदारावरच विवरणाची जबाबदारी अधिक कडकपणे टाकली.

६

येथवरच्या विवेचनावरून कार्यवाचक शब्द सदैव संशयास्पद असतो असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरातील नावेच पाहावीत. चाळते ती चाळणी, किसते ती किसणी, गाळते ती गाळणी, खवते ती खवणी आणि लाटावयाचे ते लाटणे. ही सर्व नावे कार्यावरून पडलेली आहेत. तरी ‘किसणी’ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे छिद्रांचा खरखरीत पत्रा उभा राहतो. कार्यावरून पडलेल्या नावात रूढीने रचना भरलेली असते. १९९६ मध्ये फेडरल सर्किटने एका शस्त्रक्रियेच्या उपकरणासंबंधीच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. ब्रेक, शिकंजा, कुलूप यांसारखी नावे कार्यदर्शक असली तरी त्या त्या क्षेत्रातील जाणकारास ती रचनेचा बोध करून देतात. म्हणून केवळ नाव कार्यावरून पडले एवढ्याने ते ‘साधन’ ठरत नाही.

गुणवाचक विशेषणांचीही तीच गोष्ट. १९७१ मध्ये बेरियम फ्लोराइड व कॅल्शियम फ्लोराइड यांच्या घट्ट झालेल्या वितळ-मिश्रणाचे एक कलम न्यायालयापुढे आले. त्यात तो पदार्थ अवरक्त किरणांस पारदर्शक असल्याचे म्हटले होते. हे शब्द कार्यवाचक आहेत म्हणून कलम नाकारावे, हे कार्यालयाचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. पदार्थ काय करतो यावरून त्याची व्याख्या करण्यात स्वभावतः काही गैर नाही, असे त्याने सांगितले. मात्र परीक्षकाच्या हाती एक शस्त्र दिले: पूर्वज्ञात पदार्थात तो गुण मुळातच असावा असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर तो तसा नाही हे दाखविण्याचा भार अर्जदारावर टाकता येतो.

या शस्त्राचा उपयोग १९९७ च्या एका मनोरंजक खटल्यात दिसतो. मक्याच्या लाह्यांच्या डब्यावर बसविण्याच्या शंकूच्या आकाराच्या झाकणासाठी अर्ज होता. डबा हलविला की एका वेळी थोड्याच लाह्या बाहेर पडाव्यात, असे त्याचे कार्य. परीक्षकाने तेलाच्या डब्याच्या तोटीचे जुने स्विस पेटंट पुढे केले. त्यात लाह्यांचे नावही नव्हते. परंतु आकार तोच होता, आणि त्या आकारातून लाह्याही तशाच पडतील असे मानण्यास जागा होती. अर्जदारास याचे खंडन करता आले नाही व न्यायालयाने नकार कायम केला. नवे कार्य सांगितल्याने जुनी रचना नवी होत नाही, हा त्यातील बोध होय.

७

१९९४ नंतर एक अपेक्षित गोष्ट घडली. ‘साधन’ हा शब्द वापरला की अर्थ विवरणापुरता आकसतो हे दिसताच मसुदे लिहिणाऱ्यांनी तो शब्दच टाळण्यास प्रारंभ केला. त्याच्या जागी ‘यंत्रणा’, ‘घटक’, ‘एकक’, ‘मॉड्यूल’ असे शब्द आले. संगणकाच्या क्षेत्रात तर, जेथे रचना म्हणजे बहुधा कार्यक्रमाच्या पायऱ्याच, अशा शब्दांचा सुकाळ झाला. २०१५ मध्ये विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्स या खटल्यात फेडरल सर्किटने ‘मॉड्यूल’ हा शब्द ‘साधना’चाच दुसरा वेष आहे असे ठरविले. ‘साधन’ हा शब्द नसला म्हणजे कायद्याची ती तरतूद लागू होत नाही, हे अनुमान पूर्वी फार बळकट मानले जाई. त्याचे ते बळ या निकालाने काढून घेतले.

आज अमेरिकेतील परीक्षकास जी पद्धत घालून दिली आहे, तिच्यात या सर्व इतिहासाचे थर दिसतात. प्रथम तो पाहतो की, कलमात ‘साधन’ अथवा तत्सम रचनाशून्य शब्द आहे काय. त्यास कार्याचे विशेषण जोडले आहे काय. आणि ते कार्य पार पाडण्यास पुरेशी रचना कलमातच सांगितली आहे काय. पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी व तिसऱ्याचे नकारार्थी आले, तर तो विवरणाकडे वळतो आणि त्या कार्याशी स्पष्टपणे जोडलेली रचना शोधतो. संगणकाचे कार्य असेल तर केवळ ‘संगणक’ म्हणून भागत नाही, ते कार्य करण्याची पायऱ्यांची रीत सांगितलेली असावी लागते. त्यानंतरच पूर्वज्ञात गोष्टींशी तुलना होते: तेच कार्य, आणि तीच किंवा समतुल्य रचना. शिवाय कलमात एकच घटक असून तोही केवळ ‘साधन’ म्हणून सांगितला असेल, तर ‘संयोग’ या शब्दाअभावी त्यास कायद्याचा आसराच मिळत नाही. हे १९८३ मध्ये ठरले. मोर्सचे आठवे कलम आज आले असते तर ते याच उंबऱ्यावर अडले असते, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि मोर्स खरोखरच परत आला. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲमजेन विरुद्ध सानोफी या खटल्याचा निकाल एकमताने दिला. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी एका प्रथिनास विशिष्ट जागी चिकटून त्याचे कार्य रोखणाऱ्या प्रतिपिंडांचे ते पेटंट होते. ॲमजेनने २६ प्रतिपिंडांची घडण सांगितली होती; मागणी मात्र ते कार्य करणाऱ्या सर्व प्रतिपिंडांची होती. न्यायमूर्ती नील गोरसच यांनी निकालात मोर्सचे तारायंत्र आणि स्टार्चचा सरस या दोन्ही जुन्या खटल्यांचा आधार घेतला. उरलेले प्रतिपिंड शोधण्यासाठी दिलेला मार्ग म्हणजे वाचकासच प्रयोग करीत बसण्यास सांगणे होय, असा त्यांचा अभिप्राय पडला. येथे ‘साधन’ हा शब्द नव्हता आणि संयोगाचा प्रश्नही नव्हता. तरी मोजपट्टी तीच निघाली. २०२४ च्या जानेवारीत पेटंट-कार्यालयाने परीक्षकांसाठी या निकालास अनुसरून सूचनाही काढल्या.

या इतिहासातून अभ्यासकाने काय घ्यावे? शब्दांवर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. एक शब्द अडविला की दुसरा त्याची जागा घेतो. शब्दांना सरसकट मुभा देऊनही तो सुटत नाही. कारण मग ज्याने एक वाट दाखविली त्याच्या मालकीचा सारा मुलूख होतो. उरते ती तुलना, शिकवणीची व मागणीची. आणि ती प्रत्येक अर्जात नव्याने करावी लागते. ती उशिरा झाली तर मधल्या काळात कित्येक संशोधक भलत्याच कुंपणाच्या भीतीने मागे फिरलेले असतात, आणि अशांची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही. म्हणूनच ती पहिल्या वाचनात, परीक्षकाच्या टेबलावर, विवरणाची पाने उघडून होणे इष्ट होय. वायेथच्या बर्फापासून ॲमजेनच्या प्रतिपिंडांपर्यंत न्यायालयांनी जे पुनःपुन्हा सांगितले, ते एका साध्या प्रश्नात सामावते. ‘ही वस्तू काय करते?’ हे अर्जदार सांगतोच. ‘ती ते कसे करते, हे तू आम्हांस किती शिकविलेस?’ हे परीक्षकाने विचारावयाचे असते.